एक इथे, एक पापडीला

डांबरगोळीचा वास आला की माझं डोकं फिरतं. मागच्या दिवाळीत कपाट आवरताना सासूबाई साड्यांच्या घड्यांत गोळ्या ठेवायला निघाल्या, तर मी त्यांच्या हातातली पुडी हिसकावून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. बिचाऱ्या बघतच राहिल्या. मी फटकळ आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण हे जरा जास्तच झालं. आमच्याकडे कपड्यांना कसर लागली तर लागू दे, गोळी घरात येणार नाही. का, म्हणून विचारलं तर डॉक्टरांपासून सांगायला सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो?

डॉक्टर म्हणजे वसईतल्या आमच्या एक्स-रे सेंटरचे मालक. मूळचे जवळच्याच पापडी गावचे, तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातले. लग्न केलं नाही. मोठ्या बहिणीबरोबर वाडीतल्या घरात राहायचे. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. फुलपाड्याहून यायचे, काउंटर सांभाळायचे आणि रिपोर्ट टाइप करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी छातीची फिल्म काढली. म्हणाले, "इथे काम करायचं तर आधी तू कोण आहेस ते बघू." निघालं काय, तर माझ्या मानेजवळ एक जादा बरगडी. त्यापायी काही बिघडत नाही म्हणे, पण डॉक्टर इतके खूश झाले की पुढे कित्येक महिने त्यांना माझं नाव काही लक्षात राहिलं नाही. आतून हाक यायची, "जादा बरगडी, पुढचा पेशंट!" समोर बसलेली माणसं दचकायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चेहऱ्यांच्या बाबतीत हा माणूस अगदी ढ. एकदा मासळी बाजारात एक बाई पुढे आल्या. छान काठाची साडी, तोंडभर हसू. "डॉक्टर, ओळखलं नाहीत?" हे आपले टकामका बघतायत. मग त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी पोटाची तपासणी केली होती. झालं! डॉक्टरांचा चेहरा फुलला. भर बाजारात, एवढ्या मोठ्यांदा: "हां हां, तुमची उजवी किडनी खाली उतरलेली! कशी आहे ती?" कोळणी हातातला कोयता थांबवून हसायला लागल्या. बाईंनी पापलेट तिथेच टाकलं आणि गेल्या. "चिडल्या का गं त्या?" असं डॉक्टरांनी मला खरोखरच विचारलं.

एवढी माणसांची आतडी-बरगड्या त्यांना तोंडपाठ, पण आठवणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्यासुद्धा. कुणी म्हणालं, "डॉक्टर, तुम्हाला आठवत असेल, माझा तो डाग..." की ते हात वर करायचे. "आठवतंय. पण आठवण हा पुरावा नव्हे. चित्र काढ." मग जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी शेजारी दिव्यावर लावायची, आणि चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकेपर्यंत बघत बसायचं. वाढलंय की तेवढंच आहे, एवढाच त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता. नव्या चित्रात काय दिसतं त्याला त्यांच्या लेखी अर्धीच किंमत. उरलेली अर्धी जुन्या चित्राला.

त्यामुळे रिपोर्ट लिहायचा त्यांना भयंकर कंटाळा. दोन ओळी सांगायचे, मी टाइप करायची, संपलं. मी कितीदा भांडले! "डॉक्टर, माणसं एवढ्या लांबून येतात, त्यांना कागदावर चार शब्द तरी दिसू देत. डाग केवढा आहे, कुठे आहे, ते तरी सांगा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "चित्र बोलतंय ना? मग मी मध्ये कशाला तोंड घालू?" मी पाय आपटत बाहेर यायची. ते आत पुन्हा चित्राला नाक लावून बसायचे.

आणि त्या ग्रहणाच्या दिवशी काय केलं माहीत आहे? तेव्हा सगळीकडे एकच बोलणं होतं, की एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढे धरली की सूर्य बघता येतो. डॉक्टर स्कूटरवरून सेंटरकडे येत होते. रस्त्यात जिकडे तिकडे माणसं फिल्म धरून उभी. ते खाली उतरले आणि एकेकाच्या हातातून फिल्म ओढून घ्यायला लागले. "ही छाती कुणाची?" "सासऱ्यांची आहे, डॉक्टर." "सासरे कुठे आहेत?" "वारले ना." "म्हणून त्यांच्या फुप्फुसातून सूर्य बघताय?" त्या गल्लीत त्या दिवशी कुणी ग्रहण बघितलं नाही. डॉक्टर फिल्मींचा गठ्ठा काखोटीला मारून आले, तोंड लालबुंद. "यात एक जिवंत माणसाची आहे," मला म्हणाले, "त्याला उद्या खोकला आला तर मी कशाशी ताडून बघू?"

त्या दिवसापासून नियमच झाला. फिल्म पेशंटला दाखवायची, हवी तर मोठ्या डॉक्टरांकडे जाताना न्यायची, पण परत आणून द्यायची. ठेवणार आम्ही. आणि ठेवायची कशी, तर पाकिटांच्या प्रत्येक रांगेत फडक्याची पुरचुंडी आणि तिच्यात डांबरगोळ्या. त्या कपाटांत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण खरं ते खरं, इतकी वर्षं झाली तरी एका पाकिटाला कसर लागली नव्हती.

पुढे सीटी स्कॅनचं मशीन आलं. परदेशातून आलेलं, कुणीतरी वापरून काढलेलं, पण आम्हाला त्याचं कोण कौतुक! आता फिल्म छापायची गरजच राहिली नाही. चित्र थेट कॉम्प्युटरमध्ये. डॉक्टर त्या कॉम्प्युटरकडे संशयाने बघायचे. "हा एक दिवस डोळे मिटणार," म्हणायचे. म्हणून त्यांनी दुसरी सोय लावली. आठवड्याभराच्या सगळ्या चित्रांच्या सीड्या काढायच्या, प्रत्येक सीडीवर चिकटपट्टीच्या कागदावर नाव लिहून चिकटवायचं, प्लॅस्टिकच्या डबीत घालायची, आणि रविवारी पापडीला न्यायच्या. इतर लोक चर्चमध्ये मिस्साला जाताना प्रार्थनेचं पुस्तक नेतात. हे सीड्यांची पिशवी घेऊन जायचे, देवळात शेजारच्या बाकावर ठेवायचे आणि मिस्सा संपली की घरी.

घरी माडीवर बिस्किटांचे मोठे पत्र्याचे डबे होते. त्यांत सीड्या रचायच्या, वर डांबरगोळ्यांची पुरचुंडी ठेवायची, झाकण लावायचं आणि कडेने दवाखान्यातली चिकटपट्टी गच्च गुंडाळायची. एकदा बंद केलेला डबा पुन्हा उघडायचा नाही. मी एकदा टायपिंगचे कागद द्यायला त्यांच्याकडे गेले होते. त्यांची बहीण शाळेतून निवृत्त झालेली, गावात सगळे तिला टीचर म्हणत. टीचर मला जिन्याखालीच थांबवून म्हणाल्या, "वर जाऊ नकोस गं, गुदमरशील. माणसं लग्न करून बायको घरी आणतात. ह्यानं परक्यांची डोकी आणून ठेवली."

कॉम्प्युटर दुरुस्त करायला सातिवलीहून एक माणूस यायचा. त्याने एकदा सहज सांगितलं, "सर, कधीतरी एखादा डबा उघडून बघा. सीडी चालते की नाही, कळायला नको?" डॉक्टर त्याच्यावर असे काही उखडले! "सील तोडू? हवा आत जाईल. इथली हवा खारी आहे, लोखंडाची खिडकी खाते ती. फिल्मला एवढी वर्षं काही झालं नाही, सीडीला काय होतंय?" तो खांदे उडवून गेला. मलाही डॉक्टरांचंच पटलं. त्यांच्याइतकं कोण जपत होतं?

आणि त्यांचं ते बोलणं सगळ्या वसईत पोचलं. पेशंटनं घाबरून विचारलं, "डॉक्टर, चित्र हरवणार नाही ना?" की ते दोन बोटं वर करायचे. "एक इथे, एक पापडीला." माणसं निवांत होऊन घरी जायची.

पण हे बोलणं डॉक्टरांपेक्षा जास्त म्हटलं ते आमच्या मावशीनं.

मावशी आमच्या सेंटरची आया. पाचूबंदरची, कोळ्यांच्यातली, गळ्यात पोवळ्यांच्या माळेबरोबर क्रूस. पहाटे बंदरावर मासळी निवडायची, मग येऊन लादी पुसायची, म्हाताऱ्यांना मशीनवर चढवायची, रडणाऱ्या पोरांना गप्प करायची. तोंड म्हणजे पट्टा. मी फटकळ, पण तिच्यापुढे मी मुकी. मशीनच्या खोलीच्या दारात उभी राहून ती प्रत्येकाला सांगायची, "काय घाबरू नको बाय, दुखत नाय खुपत नाय. आनि तुजा फोटू कुटं जात नाय. येक हितं, येक पापडीला!" दिवसभर हेच. कधी कधी मी कानात बोटं घालायची. ती मुद्दाम माझ्या टेबलाशी येऊन आणखी मोठ्याने म्हणायची.

तिचं स्वतःचं चित्रसुद्धा त्यात होतं. एकदा लादी पुसता पुसता तिला फीट आली आणि बादलीवर पडली. डॉक्टरांनी तिला स्वतः उचलून मशीनवर घेतलं. डोक्यात डाव्या बाजूला लहानसा पांढरा डाग निघाला. डॉक्टरांनी कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाले, "जुना आहे. कधीतरी किडा-बिडा जाऊन मेलाय, त्याचा दगड झालाय. बोलण्याच्या जागेला अगदी खेटून आहे, त्याला हात लावायचा नाही. गोळ्या घ्यायच्या. वाढला तरच विचार करायचा." पुढच्या वर्षी परत काढलं, तर तेवढाच्या तेवढा. मावशी म्हणाली, "माजी पन येक फिलिम छापून द्या की घरी, मालकाला दाखवते." तर डॉक्टर म्हणाले, "घरी नेऊन काय करशील? सुकटीच्या टोपलीवर झाकण घालशील." मावशी पोट धरधरून हसली, कारण ती खरंच तेच करणार होती. रिपोर्ट मी टाइप केला. नेहमीसारखा दोन ओळींचा: डावीकडे जुना लहान डाग, काळजीचं कारण नाही. तेव्हापासून कॉम्प्युटर पुसायला लागली की मला सांगायची, "ए, चहा सांडू नको हा त्याच्यावर, माजं डोकं हाय यात."

मग ते पाणी आलं. वसईकरांना कुठलं पाणी ते सांगायला नको. खाडी भरलेली, वरून कोसळतंय, जायला वाट नाही. आमचं सेंटर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं तर आत चिखल, मशीनच्या पोटात गाळ, कॉम्प्युटर टेबलासकट आडवा. फिल्मींची कपाटं फुगून दारं उघडत नव्हती. मी दारातच रडायला लागले. मावशी कपाळावर क्रूस करून उभी. आणि डॉक्टर? डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून फिरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता हो! आयुष्यभर ज्याची भीती घातली ते झालं होतं, आणि ते तयार होते. "लोक हसत होते मला," म्हणाले. "आता? मशीन गेलं, चित्रं गेली नाहीत. इथलं गेलं. पापडीचं आहे."

सातिवलीच्या माणसाने कॉम्प्युटरची डिस्क उघडली. आत गाळच होता. "यातून काही निघणार नाही, सर." डॉक्टर म्हणाले, "नको निघू दे."

मी म्हटलं, चला, पापडीचे डबे तरी उघडून बघू. तर नाही! नवा कॉम्प्युटर आल्यावर, पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाल्यावर. उगाच सील तोडायचं नाही. पापडीत पाणी माडीपर्यंत चढलं नव्हतं, डबे जागच्या जागी होते, मग घाई कशाला? आम्ही चिखल उपसत राहिलो.

त्याच महिन्यात मावशीचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे, ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पुन्हा फीट. आमचं मशीन बंद, म्हणून तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे स्कॅन काढला आणि सर्जनने विचारलं, जुना स्कॅन आहे का? हा डाग तेवढाच असेल तर आपण हात लावणार नाही, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधू. वाढला असेल तर उघडायलाच हवं, उशीर करून चालणार नाही. मावशीनं खाटेवरून सांगितलं, "हाय की! येक पापडीला."

डॉक्टर तडक तिथे गेले. मीही गेले बरोबर. त्यांनी नवं चित्र दिव्याजवळ धरलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "तेवढाच आहे. मला पक्कं आठवतंय." सर्जन वयाने लहान, पण बोलायला नम्र. तो म्हणाला, "सर, तुमचा रिपोर्टही घरच्यांनी दाखवला. त्यावर फक्त 'लहान' असं आहे. लहान म्हणजे केवढा? तुमच्या आठवणीवर मी थांबू कसा? मला चित्र दाखवा. सोमवार सकाळपर्यंत मी थांबतो." खाली जिन्यात डॉक्टर मला म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. मी असतो तर हेच म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पापडीला. सातिवलीच्या माणसाकडून एक कॉम्प्युटर मागून आणला, माडीवर नेऊन लावला. मावशीचा नवरा खाली ओट्यावर बसला होता. आयुष्य होडीवर गेलेला माणूस, बोलणं कमी. टीचरनी त्याला चहा दिला, तो तसाच निवत राहिला. डॉक्टरांनी मावशीच्या वर्षाचा डबा काढला. कात्रीने चिकटपट्टी कापली, झाकण उचललं.

वासाने मी मागे सरले. डबा पांढरा पडला होता. झाकणाला, कडांना, सगळीकडे गोळ्यांचा पांढरा चुरा जमलेला. आणि सीड्या नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण त्या सीड्या राहिल्या नव्हत्या. त्या प्लॅस्टिकच्या डब्या गोळ्यांच्या वाफेने मऊ पडून एकमेकींत शिरल्या होत्या, सगळ्यांचा मिळून एक चिकट ठोकळा झाला होता. डॉक्टरांनी तो हातात घेतला. सुरी घालून एक डबी सोडवली. आतली सीडी ओढली तर नावाचा कागद डबीला चिकटून राहिला आणि त्या कागदाबरोबर सीडीवरचा चंदेरी पापुद्रा सोलून आला. हातात उरली आरपार दिसणारी चकती. तिच्यातून मला खिडकीबाहेरची केळीची बाग दिसत होती.

त्यांनी दुसरा डबा उघडला. मग तिसरा. मग सगळे. मी म्हणत होते, "डॉक्टर, पुरे." ते ऐकत नव्हते. ज्या डब्यात गोळ्या जास्त, तिथे नासाडी जास्त. मावशीची सीडी शेवटी सापडली, नाव अजून वाचता येत होतं. डॉक्टरांनी ती कापसाने इतकी हलक्या हाताने पुसली की काय सांगू. चंदेरी भाग कापसावर आला. तरी कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर बराच वेळ घुर्र घुर्र करत राहिला आणि त्याने सीडी बाहेर ढकलली. परत घातली. परत बाहेर.

खालून हाक आली, "डॉक्टर, घावला का वो फोटू?"

डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मावशीचा नवरा वर बघत होता. म्हणाला, "नाय तर दुसरा असंल ना? तुमी तर नेमी बोलता, दोन ठिकानी हाय." त्यात टोमणा नव्हता हो. तो खरंच विचारत होता. डॉक्टर तिथेच पायरीवर बसले.

सोमवारी ऑपरेशन झालं. आत दगडच होता. जुना, मेलेला, मुगाएवढा. वाढलाबिढला काही नव्हता. डोकं दुखत होतं ते वाढलेल्या ब्लड प्रेशरने, ते नंतर गोळ्यांनी उतरलं. सर्जन बाहेर आला तेव्हा त्याचाही चेहरा पडला होता. "सर, जुनी इमेज असती तर आम्ही डोकं उघडलंच नसतं." डॉक्टर म्हणाले, "होती."

मावशी वाचली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

डॉक्टरांचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतका राग, की एक दिवस मी घरून एक सीडी घेऊन गेले. ती चुकून दोनदा निघालेली, डॉक्टरांनी मोडून टाक म्हटलेली, मी आपली स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीखाली ठेवली होती. ना डबा, ना गोळी, ना चिकटपट्टी. तेल पुसून कॉम्प्युटरमध्ये घातली आणि लगेच चालली. कुणातरी पुरुषाचं पोट, एकेक काप स्वच्छ. मला वाटलं होतं, ते चिडतील, निदान रडतील. डॉक्टर पडद्याला नाक लावून बघत बसले आणि म्हणाले, "चांगलं लिव्हर आहे." मग माझ्याकडे वळले. "नुसतं ठेवून दिलं असतं तरी राहिलं असतं ना गं?" माझा सगळा राग पाण्यासारखा वाहून गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

सेंटर पुन्हा उघडलं नाही. टीचर सांगायच्या, डॉक्टर दिवसभर माडीवर बसून चकत्या सुट्या करतात. एकेक कापसाने पुसतात, उन्हाला धरून बघतात, खाली ठेवतात. टाकू देत नाहीत. आता मी दुसरीकडे नोकरी करते. तिथली कॉम्प्युटरवाली मुलं छाती फुगवून सांगतात, मॅडम, सगळ्याची दुसरी कॉपी ठेवलेली आहे. मी विचारते, उघडून बघितलीत का कधी? ती एकमेकांकडे बघून हसतात. हसा बापड्यांनो.

सणाला मी पाचूबंदरला गेले होते, मावशीला भेटायला. घरापुढे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, ती खुर्चीत भिंतीला टेकून. समोर उलट्या टोपलीवर डॉक्टर. दर रविवारी मिस्सा झाली की येतात, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. मला बघून मावशीचा अर्धा चेहरा हसला. तिने डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "येक पापडीला."

मला आधी कळेना. मग नवऱ्याने सांगितलं, तेवढंच येतं तिला. बाकी एकही शब्द नाही. भूक लागली तरी तेच, पाणी हवं तरी तेच, नातवाला हाक मारायची तरी तेच. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, ती जागा दुखावली की माणसाचं सगळं बोलणं जातं आणि सगळ्यात जास्त घोळलेलं एखादं वाक्य तेवढं राहतं. हे त्यांनी अगदी रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं. मी त्यांच्यावर ओरडले, "आणि तुम्ही दर आठवड्याला हे ऐकायला येता? कशाला?"

मावशीनं डॉक्टरांची बाही धरून ओढली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि या वेळी तिचा सूर वेगळा होता. कॉम्प्युटर पुसताना मला बजावायची ना, तसाच काळजीचा. "येक पापडीला?"

आयुष्यभर चित्र दाखवल्याशिवाय एक शब्द न बोललेल्या त्या माणसाने तिचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आहे."

तिने समाधानाने मान हलवली. तिचा नवरा मला म्हणाला, दर रविवारी विचारते.